पस्तिशीनंतर सुरू केलेलं क्लाइंबिंग आयुष्यभर टिकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 36, दीड वर्षापूर्वी कृत्रिम भिंतीवर सुरुवात केली, आता 6बीचे रूट (चढायचे ठरलेले मार्ग; 6बी हा अवघडपणाचा ग्रेड, आकडा जितका मोठा तितका रूट अवघड) जमायला लागलेत. सोबतची तरुण मुलं म्हणतात फिंगरबोर्ड (बोटांनी लटकून ताकद वाढवायची फळी) घ्या, घरचे म्हणतात चाळिशीत बोटांचे सांधे जातील. 12 वर्षांची मुलगीही तुमच्याबरोबर चढते, तिचीही काळजी आहे. आणि ज्यांनी जन्मभर हा खेळ केला त्यांनी नेमकं काय वेगळं केलं, हे तुम्हाला हवंय. मी विशीत रोप बांधला, आता साठी उलटली, मधली बरीच वर्षं शिकवण्यात गेली आणि अजूनही चढतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी वयाचं बोलू. रिकार्दो कासिन या इटालियन गिर्यारोहकाने 1937 मध्ये आल्प्समधल्या पित्स बादिले शिखराच्या ईशान्य भिंतीवर पहिली चढाई केली आणि पन्नास वर्षांनी, 1987 मध्ये, 78 व्या वर्षी तीच भिंत पुन्हा चढली. ब्रिटनच्या बेन मूनने 1990 मध्ये ‘हबल’ केला तेव्हा त्याहून अवघड स्पोर्ट रूट (कातळात आधीच बोल्ट ठोकलेला मार्ग) जगात क्वचितच होता. पुढे त्याने क्लाइंबिंगच्या साहित्याची कंपनी काढली, चालवली, आणि 2015 मध्ये 49 वा वाढदिवस तोंडावर असताना ‘रेनशॅडो’ हा 9ए रूट पूर्ण केला. स्टीव्ह मॅक्लूरने ‘रेनमॅन’ हा 9बी रूट 2017 मध्ये केला तेव्हा तो 46 वर्षांचा होता. स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी तर 94 व्या वर्षी अनेक पिचेसची (रोपच्या एकेका लांबीत चढायच्या टप्प्यांची) भिंत चढले. ही सगळी माणसं तरुणपणापासून कातळावर वाढलेली, त्यामुळे त्यांचे ग्रेड बघून हुरळून जाऊ नका. पण चाळिशीत सगळं संपतं ही घरच्यांची भीती खरी नाही, एवढं यातून नक्की दिसतं. शिवाय उशिरा सुरू केल्याचा तुम्हाला एक फायदा आहे. आम्ही विशीत बोटांचे जे हाल करतो, ते तुमच्या बोटांनी सोसलेले नाहीत.

माझ्या मते मात्र जे टिकले त्यांच्यापेक्षा जे सोडून गेले त्यांच्याकडून जास्त शिकण्यासारखं आहे. ‘वय झालं म्हणून सोडलं’ असं सांगणाऱ्याला जरा खोदून विचारलं, की बहुतेक वेळा आत एक दुखापत असते. कधीच पूर्ण बरी होऊ न दिलेली. नाहीतर एखादा फॉल असतो, ज्यानंतर लीड करायची (रोप खालून नेत, वाटेत अडकवत पुढे चढायची) हिंमत परत आलीच नाही. किंवा जोडीदार गावाबाहेर गेला आणि नवा शोधायचा राहिला. ग्रेड अडकला आणि कंटाळा आला, हेही कारण मोठं आहे, पण त्यावर औषध सोपं आहे, पुढे सांगतो. यातला सर्वांत जास्त लोकांना बाहेर काढणारा भाग म्हणजे बोटं, म्हणून त्यावर मी रेंगाळणार आहे.

बोटं मिटवण्याचं मुख्य काम करणारे स्नायू बोटांत नाहीतच, ते कोपराच्या खाली पुढच्या हातात आहेत. तिथून निघालेल्या कंडरा (टेंडन) मनगटातून जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. या कंडरा हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून बोटात जागोजागी तंतूंच्या आडव्या पट्ट्या असतात, मासे पकडायच्या काठीवर दोरा धरून ठेवणाऱ्या कड्या असतात तशा. डॉक्टर त्यांना पुली म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. बोटाच्या मुळाजवळच्या पेरावरची ए-टू ही त्यातली महत्त्वाची, आणि क्लाइंबर्समध्ये सर्वांत जास्त दुखावते तीच. त्यातही बहुधा अनामिकेची, खालोखाल मधल्या बोटाची. बारीक कंगोऱ्यावर बोटं मोडून, वर अंगठा दाबून आपण फुल क्रिम्प करतो तेव्हा मधला सांधा काटकोनाहून जास्त वळतो आणि कंडरा ए-टूला हाडापासून बाहेर ओढू लागते. तोच होल्ड (पकडायची जागा) उघड्या पकडीने धरला तर हा ताण कितीतरी कमी होतो.

आता खरी गोम. नियमित चढायला लागलेल्या माणसाचे स्नायू काही महिन्यांत तगडे होतात. कंडरा आणि पुली यांना रक्तपुरवठा कमी, त्यांची बांधणी सावकाश होते, त्यांना वर्षं लागतात. म्हणजे दीड-दोन वर्षांनी असा एक काळ येतो की हाताला जे ओढता येतं ते बोटाला पेलत नाही. तुम्ही बरोबर त्या काळात आहात. ग्रेड भराभर वाढतोय, अंगात जोर आहे, रोज भिंतीवर जावंसं वाटतंय, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक जखमी होतात. तिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी तर याचा विशेष विचार करावा, कारण झीज भरून यायलाही आता जास्त दिवस लागतात.

माझ्या एका जुन्या जोडीदाराचं सांगतो. वरच्या बाजूला थोडा झुकलेला रूट, डाव्या हाताची बोटं एका नखाएवढ्या कंगोऱ्यावर क्रिम्प केलेली, उजवा हात पुढच्या होल्डकडे निघालेला. तेवढ्यात बूट सटकला. फॉल झालाच नाही, तो डाव्या हातावर तसाच लटकून राहिला, पण मला खाली बिले देताना (त्याचा रोप सांभाळताना) ‘टक्’ असा आवाज स्पष्ट ऐकू आला. खाली उतरल्यावर बोट मिटत होतं, सूजही फार नव्हती. म्हणून दोन दिवसांनी स्वारी पुन्हा भिंतीवर हजर! पुढचे कित्येक महिने ते बोट धड बरंही झालं नाही आणि धड बिघडलंही नाही. अशा वेळी चढणं तिथेच थांबवून बोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. पुली हाडापासून किती सुटली आहे ते त्यात दिसतं. एकच पुली पूर्ण तुटली असली तरी बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. बोटाला कडी किंवा पट्टी, काही आठवडे विश्रांती आणि मग हळूहळू वाढवत नेलेला भार यावर बोट परत येतं. एकापेक्षा जास्त पुली तुटल्या असतील तर मात्र हाताच्या सर्जनशिवाय पर्याय नाही. सुरुवातीपासून घट्ट टेप गुंडाळून चढण्याने दुखापत टळते, हा समज सोडून द्या. टेपचा उपयोग मुख्यतः दुखापतीनंतर आहे.

या प्रसंगातलं एक वाक्य परत वाचा: बूट सटकला. बोटाची दुखापत बऱ्याचदा पायापासून सुरू होते. पाय निसटला की त्या क्षणी सगळं वजन धक्क्याने बोटांवर येतं. म्हणून शिकवताना मी नव्या माणसाचे हात बघतच नाही, त्याचे बूट ऐकतो. भिंतीवर पाय ‘धप्प’ वाजत असतील तर तो माणूस पाय ठेवत नाहीये, फेकतोय. नजर पायाच्या होल्डवर तेव्हापर्यंत हवी, जेव्हा बुटाचं टोक तिथे टेकलेलं असेल आणि त्यावर वजन गेलेलं असेल. बहुतेक जण टेकायच्या आधीच वर बघायला लागतात. अंगठ्याच्या आतल्या कडेवर उभं राहायचं. जिथे कड नाही तिथे टाच खाली सोडून जास्तीत जास्त रबर कातळाला लावायचं. कंबर भिंतीकडे वळवायची, म्हणजे हात सरळ राहतो. सोप्या रूटवर, अजिबात आवाज न करता चढायचा सराव वॉर्म-अप म्हणून दर वेळी करा. मी अजूनही करतो. ताकद कमी होत जाणार आहे, तेव्हा हाताशी राहील ते हेच.

बुटांवरून आठवलं. 1982 मध्ये बोरियाल कंपनीचे ‘फिरे’ बूट आले, त्यांच्या चिकट रबराने सगळ्यांचं चढणंच बदललं. आता तर कुठलाही मध्यम बूट त्याहून चांगला आहे. तरीही दोन नंबर लहान बूट घ्या असा सल्ला देणारे भेटतातच. ऐकू नका. वर्षानुवर्षं दाबलेला अंगठा आत वळतो, नखं जातात, सांधा दुखायला लागतो, आणि मग उतरताना दोन किलोमीटर चालणंही नको होतं. बोटं किंचित वळलेली, रिकामी जागा नाही, पण उभं राहिल्यावर डोळ्यांत पाणी येत नाही, एवढा घट्ट बूट पुरे.

पडण्याच्या भीतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लीड सुरू केलं की ती येईलच. ती जावी अशी अपेक्षाही ठेवू नका. उपयोग होतो तो तिची फोड करण्याचा. फॉलचा धक्का किती बसेल हे किती मीटर पडलो यापेक्षा, किती मीटर रोपवर पडलो यावर ठरतं. वीस मीटर रोप बाहेर असताना चार मीटर पडलात तर फॉल फॅक्टर 0.2, रोप ताणला जाऊन धक्का गिळतो. पण उंच भिंतीवर, बिले स्टेशनच्या (बिलेयर स्वतःला बांधून उभा असतो त्या जागेच्या) दोन मीटर वर, मध्ये एकही प्रोटेक्शन (रोप अडकवायचा आधार) न लावता तेच चार मीटर पडलात तर फॅक्टर 2, म्हणजे होऊ शकणारा सर्वांत वाईट. म्हणून स्टेशनवरून निघताच पहिलं प्रोटेक्शन लावायचं, मग पुढचं सगळं सोपं का असेना. हे कळलं की ‘उंची’ नावाची एक ढोबळ भीती राहत नाही. जमिनीजवळचे पहिले दोन-तीन बोल्ट, खाली असलेला कट्टा, पायामागे गेलेला रोप, अशा ठरावीक जागी ठरावीक भीती उरते, आणि तिच्यावर काहीतरी करता येतं. अनुभवी बिलेयर घेऊन, वरच्या बोल्टजवळ, आधी छोटे मग जरा मोठे फॉल मुद्दाम घ्या. बिलेयरने फॉल झेलताना किंचित उडी मारून धक्का मऊ करायचा असतो. नाहीतर क्लाइंबर झोपाळ्यासारखा भिंतीवर आदळतो आणि घोटा जातो.

आणि गाठ. लिन हिल ही त्या काळची जगातली अव्वल क्लाइंबर. 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूओला एका रूटवर ती वर पोचली, उतरायला रोपवर बसली आणि जवळजवळ 70 फूट खाली आली. हार्नेसला रोप ओवला होता, आठाची गाठ पुरी केली नव्हती. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. त्यानंतर चार वर्षांनी, 1993 मध्ये, तिने अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटान या कड्यावरचा ‘नोज’ हा रूट पहिल्यांदा फ्री केला (म्हणजे फक्त हातापायांनी चढली, रोप केवळ पडल्यास झेलायला), पुढच्या वर्षी तोच 24 तासांच्या आत. इतक्या ताकदीच्या माणसाची गाठ राहू शकते, तर आपली का नाही राहणार? नवखे लोक घाबरून दोनदा बघतात. धोका असतो तो आमच्यासारख्या सवयीच्या माणसांना, गप्पा मारत गाठ बांधणाऱ्यांना. निघण्याआधी एकमेकांची गाठ, बकल, बिले डिव्हाइस (रोप रोखणारं साधन) आणि कॅराबिनरचं (धातूच्या कडीचं) लॉक हाताने चाचपून बघायचं. उतरवताना रोपच्या दुसऱ्या टोकालाही गाठ हवीच, कारण रोप कमी पडून टोक डिव्हाइसमधून निसटून जाणं हा अपघात आजही होतो. यात कंटाळा करणाऱ्या जोडीदाराबरोबर मी चढत नाही, मग तो कितीही भारी क्लाइंबर असो. बरोबर चढायला चांगला माणूस मिळाला तर त्याला जपा. माझ्या बाबतीत तरी, थंडीच्या सकाळी अंथरुणातून बाहेर काढण्याचं काम माझ्या इच्छाशक्तीपेक्षा खाली वाट बघणाऱ्या माणसानेच जास्त केलंय.

मधल्या वर्षांत नोकरी, मुलं, आजारपणं येणार. काही महिने काहीच होणार नाही. घाबरायचं कारण नाही. मिळवलेली ताकद टिकवायला ती मिळवण्यापेक्षा फार कमी कष्ट लागतात, आठवड्यातून एक चांगलं सेशनही बरंच काही राखतं. धोका परतताना असतो. स्नायू जुनी ओळख पटकन काढतात, पहिल्या आठवड्यातच जुना ग्रेड खुणावतो, आणि बोटं मात्र अजून सुट्टीवरच असतात. जितके आठवडे बंद, निदान तितके आठवडे सोपं चढा.

कंटाळ्यावरचं औषध म्हणालो होतो ते असं, की भूभाग बदला. लटकत्या भिंतीवर 6सी अडकलाय? एक मोसम स्लॅब (मागे कललेला, कमी चढाचा कातळ) करा, जिथे सगळा खेळ पायांचा आणि धीराचा आहे. क्रॅकमध्ये (कातळातल्या भेगेत) हात आणि मुठी जॅम करायला, म्हणजे घट्ट अडकवायला शिका. तिथे बोटांना क्रिम्प करावं लागत नाही आणि तुमचा भिंतीवरचा ग्रेड तिथे कोणी विचारत नाही. अनेक पिचेसचे लांब सोपे रूट करा. अमेरिकन क्लाइंबर टॉमी काल्डवेलची डाव्या हाताची तर्जनी 2001 मध्ये करवतीच्या मशीनमध्ये गेली. अशा हाताने त्याने 2015 च्या जानेवारीत केव्हिन जॉर्जसनबरोबर एल कॅपिटानवरचीच ‘डॉन वॉल’ फ्री केली, ती 19 दिवस भिंतीवर राहून. बोट गेल्यावर त्याला कित्येक पकडी नव्याने बसवाव्या लागल्या. वय वाढताना आपल्या सगळ्यांच्या वाट्याला याची सौम्य आवृत्ती येते. ग्रेडचा आकडा एवढीच मोजपट्टी हातात असलेला माणूस चाळिशीच्या मध्यावर हमखास नाराज होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवीन लोकांशी ग्रेडवर बोलायलाच जात नाही.

चाळिशीनंतर शरीरात काय जाणवेल, तेही सांगून ठेवतो. स्फोटक ताकद आधी जाते, बोटांची पकड आणि दम त्या मानाने बरेच टिकतात. म्हणजे उडी मारून होल्ड पकडण्यापेक्षा स्थिर हालचालीकडे वळायचं. जोरदार सेशननंतर दोन दिवस मोकळे लागतात. वॉर्म-अप पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर जातो. कोपराची आतली बाजू आणि खांदा कुरकुरतात, कारण आपण जन्मभर ओढतच असतो. म्हणून पुश-अप, खांदा बाहेर फिरवायचे रबर बँडचे व्यायाम, मनगट उलटं उचलायचे व्यायाम आत्तापासून अंगवळणी पाडा. बिले देताना वर बघून मान धरते, त्यावर प्रिझमचे बिले चष्मे मिळतात, खुशाल वापरा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, त्यामुळे खाली पायाकडे बघितलं की होल्ड धूसर दिसतो आणि पाऊल चुकतं. चढायला फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. कित्येकांचं फूटवर्क बिघडलं म्हणून मी डोकं खाजवत होतो, ते चष्मा बदलल्यावर सुधारलं.

वजन उतरवून ग्रेड वाढवायच्या नादाला मात्र कुठल्याच वयात लागू नका. काही काळ आकडा वाढतो, मग हाडं, हार्मोन्स आणि झोप बिघडते. स्पर्धांमध्ये हा प्रश्न इतका गंभीर झाला की आंतरराष्ट्रीय महासंघाने 2024 च्या मोसमापासून खेळाडूंच्या आरोग्य तपासणीचे नियम आणले.

आता फिंगरबोर्ड. मुलांनी सांगितलंय तसं पूर्ण वजनाने लटकणं इतक्यात नको. पण बोर्ड अगदी निषिद्धही नाही. साधारण 20 मिलिमीटरची कड, बोटं अर्धी वळलेली किंवा उघडी, फुल क्रिम्प नाही, पाय जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवून निम्म्याच्या आसपास वजन हातावर. दहा सेकंद धरायचं, मिनिटभर सोडायचं, पाच-सहा वेळा. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवसांचं अंतर, आणि कधीही हात सुटेपर्यंत नाही. शक्यतो चढायच्या दिवशीच, वॉर्म-अपनंतर. असे काही महिने गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना बोट दुखत नसेल, तर पायावरचा भार थोडा थोडा कमी करा. दुखत असेल तर मागे या.

मुलीसाठी मात्र नियम वेगळा आहे आणि त्यात तडजोड नको. तिला हवं तेवढं, हवं तसं चढू द्या. पण फिंगरबोर्डवर वजन लावून लटकणं आणि कॅम्पस बोर्ड (पाय न टेकता नुसत्या हातांनी चढायचा पट्ट्यांचा बोर्ड), दोन्ही बंद. कॅम्पस बोर्ड जर्मन क्लाइंबर वोल्फगांग ग्युलिखने 1988 मध्ये न्युरेम्बर्गच्या जिममध्ये बनवला. त्याच सरावातून 1991 चा ‘ॲक्शन डायरेक्ट’, पहिला 9ए मानला जाणारा रूट, आला. तो पूर्ण वाढ झालेल्या, अफाट तयारीच्या माणसाचा सराव होता. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची वाढरेषा असते, आणि ती कंडरा-पुलीपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाची जिथे पुली जाते, तिथे मुलांची वाढरेषा तडकते. यात ‘टक्’ आवाज नसतो, एखादा प्रसंगही आठवत नाही. मधल्या बोटाचा मधला सांधा मागच्या बाजूने हळूहळू दुखायला लागतो, थोडा सुजतो, आणि मुलं प्रशिक्षकापासून लपवतात. त्यामुळे पुढची तीन-चार वर्षं, उंची झपाट्याने वाढत असताना तर जास्तच, अधूनमधून स्वतः तिच्या बोटांचे मधले सांधे वरून दाबून बघा. दाबल्यावर ती दचकली, तर त्या दिवसापासून चढणं बंद आणि लगेच हाडांच्या डॉक्टरकडे. एक्स-रे साफ आला तरी दुखणं चालू असेल तर एमआरआयबद्दल विचारा. वेळेत थांबलं तर बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत नीट भरून येतं. तसंच चढत राहिली तर सांध्याचा आकार आणि हालचाल कायमची बिघडू शकते.